पिंपळाची दोन पानं

इंद्रावतीपलीकडच्या बस्तरात चेटकीण कशी ओळखायचे, याचं वर्णन 19 व्या शतकातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी लिहून ठेवलं आहे. संशय आलेल्या बाईच्या डोक्याला आधी ढिवराचं जाळं गुंडाळायचं, म्हणजे पहाऱ्यावरच्या माणसांवर तिचा मंत्र चालू नये. मग तिला हात पुढे करायला लावून त्यांवर पिंपळाची दोन पानं टाकायची. एक तिच्या नावाचं, दुसरं आरोप करणाऱ्यांचं. तिचं पान वर आलं की संशय बळावला. ते पालथं पडलं तर लोकांचं मत जरा तिच्या बाजूने झुकायचं. पण तेवढ्यावर सुटका नसे. दुसऱ्या दिवशी गावोगावचे मुखिये, बाया, पोरं अशा सगळ्यांसमक्ष तिला पोत्यात शिवायचं आणि कमरेएवढ्या पाण्यात नेऊन सोडायचं. धडपडून तिने डोकं पाण्याबाहेर काढलं, तर ती चेटकीण. मग मार, मुंडण आणि दगडाने पुढचे दात पाडणं. दात नसले की मंत्र नीट पुटपुटता येत नाही, असा त्यामागचा हिशेब.

जगण्यासाठी हातपाय मारणं हाच पुरावा, हे वाचताना अंगावर काटा येतोच. मी मात्र दर वेळी अडखळतो तो ‘बाया, पोरं अशा सगळ्यांसमक्ष’ या शब्दांशी. पान वर पडलं की खाली, हे बघायला दोन डोळे पुरेत. मग एवढा जमाव कशाला? या लेखात मला जे सांगायचं आहे, ते या एका प्रश्नाच्या आसपास आहे.

मी हे आरमोरीत बसून लिहितो आहे. वैनगंगेच्या अंगाचं हे गाव म्हणजे मैदान आणि जंगल यांच्यामधला उंबरठा. नागपूर-ब्रह्मपुरीकडून आलेला रस्ता इथूनच गडचिरोलीकडे जातो. इथे जादूटोण्याचा विषय काढला की माणूस हात लांब करून म्हणतो, ‘ते तिकडं, एटापल्ली-भामरागडकडं.’ नागपुरात हाच विषय काढा, हात आरमोरीच्या दिशेने होतो. पुण्यात काढला तर सगळा विदर्भच त्या हाताखाली येतो. भ्रम कायम पुढच्या गावचाच असतो. 21 सप्टेंबर 1995 ला देशभरात गणपती दूध प्यायला, तेव्हा चमच्यात दूध घेऊन रांगेत उभी असलेली माणसं जंगलातली नव्हती. त्यांत डॉक्टर होते, इंजिनीअर होते, विज्ञानाचे मास्तरही होते. दूध मूर्तीच्या अंगावरून ओघळून पायाशी साचत होतं. पृष्ठताणाचा धडा यांतल्या कित्येकांनी शाळेत पाठ केलेला होता. त्या दिवशी तो कुणाला आठवला नाही, कारण रांग लांब होती. एवढी माणसं उगीच कशाला उभी राहतील?

तेव्हा अडाणीपणा हे उत्तर सोयीचं असलं तरी पुरेसं नाही.

आमच्या झाडीपट्टीत माणूस आजारी पडला आणि औषधाने उतार पडेना की कुणीतरी हळूच म्हणतं, ‘बाहेरचं दिसते.’ बाहेरचं म्हणजे कुणीतरी केलेलं. करणी, मूठ, लागीर, नावं बरीच आहेत. या सगळ्या शब्दांत एक ‘कोण’ दडलेला आहे. तापाला कारण असतं, पण माझ्याच पोराला ताप का, याला डॉक्टरकडेही उत्तर नसतं. इव्हान्स-प्रिचर्ड या मानववंशशास्त्रज्ञाने 1937 साली आफ्रिकेतल्या अझांदे लोकांवर पुस्तक लिहिलं. त्यातलं धान्याच्या कोठाराचं उदाहरण प्रसिद्ध आहे. कोठार कोसळून खाली सावलीला बसलेली माणसं जखमी झाली. खांब वाळवीने पोखरले होते, हे अझांदेंना नीट ठाऊक होतं. त्यांचा प्रश्न निराळा होता: ही माणसं खाली बसलेली असतानाच ते का कोसळलं? आणि त्याचं उत्तर एखाद्या माणसाच्या नावातच सापडायचं.

आता आपल्याकडचा एक आकडा बघा. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1988 मध्ये गडचिरोलीतल्या आपल्या कामाच्या गावांत मोजणी केली, तेव्हा हजार जन्मांमागे 121 बाळं वर्षाच्या आत जात होती. म्हणजे दर आठ-नऊ पाळण्यांत एक रिकामा. ज्या गावात दर पावसाळ्यात कुणाचं ना कुणाचं मूल जातं, तिथे ‘कुणी केलं’ हा प्रश्न बारा महिने उंबऱ्यात बसलेला असतो. उत्तर तयार ठेवणारा माणूसही गावातच असतो. त्याला कुठे पुजारी म्हणतात, कुठे वड्डे, कुठे नुसता जाणता. तो सुपातले दाणे मोजतो, पान टाकतो, अंगात आणतो. स्वतःहून तो बहुतेकदा नाव घेत नाही. ‘घराच्या उगवतीकडं’, ‘जवळचंच माणूस’, ‘बाई आहे’ एवढं बोलून तो थांबतो. बाकीचं गाव पुरवतं. धुऱ्यावरून कुणाशी भांडण झालेलं, उसने पैसे कुणी मागितलेले, कोणत्या विधवेच्या नावावर दोन एकर आहेत, हे सगळं गावाला आधीपासून ठाऊक असतंच.

रोगराईवर आपल्या लोकांकडे दुसरे उतारेही होते, हेही सांगितलं पाहिजे. पटकी आली की मरीमायचा गाडा वाजतगाजत शिवेपर्यंत न्यायचा आणि पुढच्या गावाच्या हद्दीत सोडून यायचं. पुढचं गाव तो आणखी पुढे ढकलायचं. यावरून गावागावांत भांडणंही जुंपायची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे रोगराईची बाहुली, निघते ती आजही. दाराशी ठेवलेल्या पळसाच्या फांद्या पोरं पहाटे ओढत गावाबाहेर नेतात, खोकला-खरूज, इडापिडा सगळं घेऊन जायला मारबतीला ओरडून सांगतात आणि शिवेवर तिला जाळून घरी येऊन न्याहारी करतात. मला ही रीत फार शहाणी वाटते. रोगाला चेहरा द्यायचाच, तर तो गवताचा द्या, पळसाचा द्या. शेजारणीचा देऊ नका.

कायद्याने यात काय केलं, तेही बघू. 1853 च्या डिसेंबरात नागपूरचे राजे तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले. पुढच्या वर्षी नागपूरचं राज्य खालसा झालं आणि चांदा (आजचं चंद्रपूर) जिल्हा इंग्रजांकडे गेला. 1861 मध्ये मध्य प्रांत बनला, 1 जानेवारी 1862 पासून भारतीय दंड संहिता लागू झाली. चेटकीण म्हणून कुणाला मारलं तर आता तो सरळ खून होता आणि त्याला फाशी होती. साहेबाच्या दृष्टीने विषय तिथे संपला. पण खून हे या गोष्टीचं शेवटचं पान. पहिलं पान म्हणजे नाव घेणं, आणि त्याला कुणी हात लावला नाही. अब्रुनुकसानीचं कलम पुस्तकात होतं, पण ज्या बाईकडे सगळं गाव पाठ फिरवून आहे, ती वकील कुठून आणणार? व्हेरियर एल्विनने 1943 साली ‘मारिया मर्डर अँड सुइसाइड’ हे पुस्तक काढलं. बस्तरातल्या मारिया आदिवासींच्या खुनांच्या शंभर प्रकरणांचा त्यात अभ्यास आहे. त्यात बहुतेक भांडणं दारू, बायको, जमीन अशी तुमच्याआमच्यासारखीच आहेत. जादूचा संशय हा त्यांतला एक धागा. आरोपी बहुधा गुन्हा लपवतही नसत.

मधल्या काळात दवाखाने आले. 1973 च्या डिसेंबरात बाबा आमट्यांनी हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा तिथली माडिया आदिवासी माणसं डॉक्टरकडे फिरकत नव्हती. गावाने सोडून दिलेले रोगी उठून चालू लागले, मग तिथे पायवाट पडली. वड्ड्याला खोटं ठरवणारं भाषण कुणी केलं नाही, त्याची गरजही पडली नाही. सर्चने आपल्या दवाखान्याला लोकांच्या दंतेश्वरी मायचं नाव दिलं. पुढे 39 गावांत गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांवर घरी उपचार सुरू केले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने त्याचा निष्कर्ष छापला: नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी उतरला. बाळ जगलं की ‘कुणी केलं’ विचारायची वेळच येत नाही. भ्रम ओसरायचा हा एक मार्ग आणि तो खरा आहे. पण तो सगळीकडे पोचत नाही. जिथे पोचतो तिथेही मरण थोडंच थांबतं?

वणी खुर्द हे जिवती तालुक्यातलं गाव, चंद्रपूर जिल्ह्याच्या पार डोंगरावरचं. या पहाडावर मराठवाड्यातून येऊन वसलेली कुटुंबं पुष्कळ आहेत आणि नांदेड-लातूरकडचा ‘भानामती’ हा शब्दही इथे ऐकू येतो. घरावर दगड पडतात, वाळत घातलेले कपडे पेटतात, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात, बाया घुमायला लागतात. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते अशा घरी जाऊन बसले की दगड फेकणारा हात बहुतेकदा घरातल्याच कुणाचा तरी निघतो. बोलायला जागा नसलेल्या एखाद्या सुनेचा किंवा पोराचा. वणी खुर्दला तसं कुणी जाऊन बसण्याआधीच गावाने निकाल दिला. 21 ऑगस्ट 2021 ला सात दलित स्त्री-पुरुषांना, त्यांतले बरेचसे म्हातारे, भर चौकात खांबांना बांधून मारलं. भानामती करतात म्हणून. त्या दिवशी अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतल्या नरेंद्र दाभोलकरांच्या खुनाला आठ वर्षं आणि एक दिवस झाला होता.

चौकातली ती दुपार जरा जवळून बघा. मारणारे हात मोजकेच असतात. बाकीचे बघणारे. कुणी ओट्यावर, कुणी दारात, कुणाच्या हातात मोबाइल. त्यांतल्या प्रत्येकाला वेगळं गाठून विचारलं असतं, ‘ही म्हातारी भानामती करते असं तुला खरंच वाटतं का?’ तर कितीजण छातीठोकपणे हो म्हणाले असते? माझा अंदाज, फार थोडे. बाकीचे म्हणाले असते, ‘आपल्याला काय माहीत बाप्पा, पण लोक म्हणतात.’ आणि लोक म्हणजे तेच. प्रत्येकाला वाटतं की आपल्याला शंका आहे, पण गावाला खात्री आहे. गावाला खात्री आहे, म्हणून आपण गप्प. आपण गप्प, म्हणून शेजाऱ्याला वाटतं की आपल्यालाही खात्री आहे. पाणी असं साचत जातं. त्यात तोंड उघडणाऱ्याला आणखी एक भीती असते: बाजू घेतली तर उद्या आपलंच नाव निघेल. बस्तरातल्या त्या पिंपळाच्या पानाला जमाव का लागायचा, ते इथे कळतं. पान बाईची परीक्षा घेत नव्हतं. बघणाऱ्यांना ते सहीला बसवत होतं.

सॉलोमन अॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1951 च्या सुमारास हीच गोष्ट प्रयोगशाळेत करून पाहिली. एका रेघेएवढी लांब रेघ तीन रेघांतून ओळखायची, इतकं सोपं काम. खोलीतले बाकीचे सगळे आधीच पढवलेले, ते मुद्दाम एकसुरात चुकीचं उत्तर द्यायचे. खरा माणूस एकच. सरासरीने तीनातल्या एका वेळी तो डोळ्यांना दिसतं ते सोडून चुकीच्या बहुमतामागे गेला. पण पढवलेल्यांपैकी एकाने जरी बरोबर उत्तर दिलं, तरी हे मागे जाणं एकदम उतरलं. बहुमत फुटायला बहुमत लागत नाही, एक माणूस पुरतो.

1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्याचं राईनपाडा. रविवारचा बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच भटकी माणसं तिथे उतरली होती. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप आठवडाभर मोबाइलवर फिरत होते. यांतल्या एकाने एका लहान मुलीशी बोलायचा प्रयत्न केला, एवढं निमित्त झालं. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं होतं. लोकांनी आत घुसून पाचही जणांना ठेचून मारलं. इथे ना वड्डे होता, ना पान. पानाचं काम मोबाइलने केलं. आपण नवे झालो म्हणतो, ते एवढंच.

आणि बारसेवाडा. एटापल्ली तालुका, 1 मे 2024. महाराष्ट्र दिन. गावातली एक लहान मुलगी नुकतीच गेली होती. पंचायत बसली. एक बाई आणि एक पुरुष, दोघंही पन्नाशी ओलांडलेली, यांनीच जादू केली असं ठरलं. दोघांना मारहाण करून जाळलं आणि नाल्यात टाकलं. पोलिसांनी 15 जणांना अटक केली. त्यांत त्या बाईचा नवरा होता आणि मुलगाही.

ही बातमी आरमोरीत आली तेव्हा चहाच्या टपरीवर एकजण म्हणाला, ‘पोटचा पोरगा असा कसा काय?’ मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आज वाटतं, सभेत जो सगळ्यांत जवळचा, त्यालाच सगळ्यांत मोठ्याने होकार द्यावा लागतो. आईच्या बाजूने उभा राहिला तर तिच्या विद्येचा वारसदार तोच ठरतो. ही सबब नव्हे. पण सभा माणसाचं काय करते, ते यातून दिसतं.

अमेरिकेतल्या सेलमला 1692 साली असंच झालं होतं. मुलींना झटके येत, त्या अमुक बाईची सावली आपल्याला छळते म्हणून ओरडत, आणि ती सावली त्यांच्याशिवाय कुणालाच दिसत नसे. तरी तो पुरावा कोर्टात चालला आणि 19 जण फासावर गेले. हे थांबलं कशाने? विज्ञान आलं म्हणून नव्हे. नावं वरच्या घरांत जाऊ लागली, गव्हर्नरच्या बायकोचंही नाव कुजबुजीत यायला लागलं. त्याने ऑक्टोबरात या खटल्यांसाठीचं खास कोर्टच मोडलं. चार वर्षांनी, 1697 च्या जानेवारीत, न्यायाधीशांपैकी सॅम्युअल सीवॉल भर चर्चमध्ये उभा राहिला आणि त्याने आपला दोष कबूल केला. बाकीचे न्यायाधीश तसे उभे राहिले नाहीत. आपल्याकडे पडद्याआड पश्चात्ताप करणारे पुष्कळ असतील. चावडीवर उभा राहून ‘मी त्या दिवशी गप्प बसलो’ असं म्हणणारा माझ्या ऐकण्यात नाही.

आता कायद्याचं. बिहारने 1999 मध्ये डायन प्रथेविरुद्ध कायदा केला, शेजारच्या छत्तीसगडने 2005 मध्ये टोनही, म्हणजे चेटकीण, ठरवून होणाऱ्या छळाविरुद्ध केला. महाराष्ट्रात मसुदे वर्षानुवर्षं विधिमंडळात फिरत राहिले. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात दाभोलकरांना गोळ्या घातल्या, त्यानंतर आठवडाभरात सरकारने अध्यादेश काढला आणि डिसेंबरात कायदा झाला. इतकी वर्षं अडलेलं काम एका माणसाच्या प्रेतावरून पुढे सरकलं, ही लाजेची गोष्ट आहे. पण कायद्यात एक मोलाची गोष्ट आहे. अमुक माणूस करणी करतो, त्याच्यामुळे रोग येतो, गुरांचं दूध आटतं, असं भासवणं हाच त्याच्या अनुसूचीप्रमाणे गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद, 5,000 ते 50,000 रुपये दंड, आणि जामीन सहजासहजी नाही. 1862 मध्ये कायद्याने शेवटच्या पानाला हात घातला होता. पहिल्या पानापर्यंत यायला त्याला दीडशे वर्षं लागली.

याच कायद्यात दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे. एका किंवा अधिक पोलीस ठाण्यांसाठी तो नेमायचा असतो आणि त्याचा दर्जा पोलीस निरीक्षकापेक्षा खालचा चालत नाही. नाव घेतलं जाण्याच्या पायरीवरच थांबवायचं काम त्याचं. आपल्या ठाण्याचा दक्षता अधिकारी कोण, हे मी ओळखीच्या दहाएक जणांना विचारून पाहिलं. सांगता कुणालाच आलं नाही, मलाही नाही. तेव्हा पुढच्या बाजाराच्या दिवशी ठाण्यावरून जाल, तर आत जाऊन एवढं विचारा आणि नाव-नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून टाका. तेवढं होईपर्यंत 112 लक्षात ठेवा. फोन पंचायत बसायच्या आत करायचा असतो.